शून्य नंबरची डिस्क

"काका, झालं का? बाहेर सात जण बसलेत."

नोंदणीच्या टेबलावरच्या ताईंनी दारातूनच विचारले. वायरकाकांनी मान वर केली नाही. "पाच मिनिटं," ते म्हणाले. अर्ध्या तासातली ही चौथी पाच मिनिटे होती.

ताई गेल्या. जिन्याखालच्या त्या खोलीत धड उभे राहता येत नसे, म्हणून काका फरशीवरच मांडी घालून बसले होते. मांडीवर लॅपटॉप, समोर फळीवर सर्व्हरचा काळा डबा. डब्यात शेजारी शेजारी दोन डिस्क. दोन्हींवर तंतोतंत तेच. एक गेली तर दुसरी आहे, एवढ्यासाठीच ही जोडी. त्यातली एक काल संध्याकाळी गेली होती. डब्याने तसे कळवले होते: एक नंबरची डिस्क बंद पडली आहे, बदला. काका सकाळी नऊला नवी डिस्क घेऊन हजर झाले. जपून करावे म्हणून आधी डबा बंद केला, पहिल्या खणातली डिस्क ओढून काढली, तिची विल्हेवाट लावून आले, तिच्या जागी नवी सरकवली आणि डबा चालू केला. आता चांगल्या डिस्कवरचे सगळे नवीवर उतरायला लागायचे. सरळ काम. असे त्यांनी शंभरदा तरी केले असेल.

पण लॅपटॉपच्या पडद्यावर काही उतरत नव्हते. तिथे तीन ओळी होत्या. शून्य नंबर: नवी डिस्क, रिकामी. एक नंबर: बंद. तिसरी ओळ तांबड्या अक्षरांत: माहिती उपलब्ध नाही.

शून्य नंबर.

हा डबा शून्यापासून मोजायचा. पहिला खण शून्य, दुसरा एक. काकांना ते ठाऊक नव्हते असे नाही. तीन वर्षांपूर्वी डबा त्यांनीच बसवला होता. पण त्याआधी ज्या डब्यांवर त्यांचा हात बसला होता ते सगळे साध्या माणसासारखे एकापासून मोजणारे. एक नंबर म्हटल्याबरोबर हात पहिल्या खणाकडे गेला, डोक्याला विचारायला थांबला नाही. डबा चालू असता तर बिघडलेल्या डिस्कचा नारिंगी दिवा तरी दिसला असता. जपून करायचे म्हणून तो बंद केला होता.

चोर सोडून संन्याशाला सुळी. तेही एक वेळ निभावले असते. चांगली डिस्क परत खणात सरकवली की मिटले. पण इथला एक नियम होता, आणि तोही काकांनीच घालून दिलेला. रुग्णांचे फोटो असलेली डिस्क फोडल्याशिवाय या इमारतीबाहेर जाऊ द्यायची नाही. म्हणून सकाळी डिस्क काढल्याबरोबर ते ती मागच्या कारखान्यात घेऊन गेले होते, आणि तिथल्या मिस्त्रींनी हौसेने तिला शिकंज्यात धरून ड्रिलने आरपार भोके पाडली होती.

"दोन बास ना?" मिस्त्रींनी विचारले होते.

"तीन पाडा," काका म्हणाले होते. "काम पक्कं हवं."

काकांनी पिशवीतून ती डिस्क काढली. पाठीवरचा नंबर डब्याच्या झाकणाला चिकटवलेल्या कागदाशी ताडून पाहिला. एकदा, दोनदा, मग एकेका आकड्यावर बोट ठेवून. शून्य नंबरचीच होती. भोकांतून पलीकडची फरशी दिसत होती.

वायरकाका मुळात टीव्ही दुरुस्त करणारे. पाठीमागचे झाकण काढून, तोंडात स्क्रू धरून, लोकांच्या बैठकीच्या खोल्यांत त्यांची तरुण वर्षे गेली. मग टीव्ही दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेणे लोकांना सोपे वाटू लागले, तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या या माणसाने उसनी पुस्तके आणून संगणक शिकून घेतले. पदवी नाही, कंपनी नाही. एक पिशवी, एक शिडी आणि शब्द. या केंद्रात ते पहिल्यांदा आले ते भिंतींतून वायरी ओढायला, म्हणून वायरकाका. आज त्यांना अठ्ठावन्नावे चालू होते आणि गावातली अकरा छोटी कार्यालये त्यांच्यावर विसंबून होती. काम संपले की पिशवीची चेन ओढताना ते एकच वाक्य बोलत: "आता विसरा." लोकांना ते फार आवडे. काकांनी केले म्हणजे खरोखरच विसरायचे.

हे केंद्र कृत्रिम पाय बसवून देणारे. डॉक्टरबाईंनी एकोणीस वर्षांपूर्वी दोन खोल्यांत सुरू केले, आणि तेव्हापासून चार हजारांवर माणसे इथून स्वतःच्या पायांनी चालत बाहेर पडली होती. प्रत्येकाची एक फाइल. तिच्यात मापे, उरलेल्या पायाचा एक फोटो आणि मिस्त्रींचे टिपण. पाय जिथे आत बसतो त्या भागाला मिस्त्री वाटी म्हणत. वाटी तीन-चार वर्षांत झिजते, माणसाचा पायही बदलतो, नवी करावी लागते. तेव्हा ते टिपण म्हणजे सर्वस्व. 'हाड पुढे येते, तिथे रेघभर सैल ठेवणे.' 'उजवीकडे जखम होते, सांगत नाही, लाजतो.' मिस्त्री नेहमी म्हणायचे, "माप काय, परत घेता येतं. पण कुठं खुपतं ते परत खुपवूनच कळतं."

हे सगळे पूर्वी कागदावर होते. अकरा कपाटे भरून. तीन वर्षांपूर्वी एका कपाटाला वाळवी लागली, तेव्हा डॉक्टरबाईंनी काकांना बोलावले. डबा आला. ताईंनी नोंदणीचे काम सांभाळून चौदा महिने एकेक पान स्कॅन केले. शेवटचे कपाट संपल्यावर डॉक्टरबाई घुटमळल्या होत्या. "कागद राहू द्यावेत का हो? असावेत आपले."

"बाई, दोन डिस्कवर आहे. शिवाय रोज तिसरीकडे नक्कल जाते," काका म्हणाले होते. "याला वाळवी लागत नाही. द्या कागद लगद्याला आणि आता विसरा."

कागद गेले. मिस्त्रींनी घरी जपलेल्या सात जाड वह्यासुद्धा स्कॅन झाल्यावर देऊन टाकल्या. "काका म्हणतायत ना, मग झालं," म्हणाले. कपाटांच्या जागी रुग्णांसाठी लांब बाकडी आली, आणि त्यांवर आता सात माणसे बसली होती.

तरीही काकांनी अजून धीर सोडला नव्हता. तिसरी नक्कल होती की! डॉक्टरबाईंच्या कपाटात एक छोटी डिस्क वायरने डब्याला जोडलेली असे, आणि रोज तिच्यावर सगळे उतरत असे. रोज सकाळी चहाबरोबर काकांच्या फोनवर ओळ येई: नक्कल पूर्ण, चुका शून्य. आजही आली होती. ते उठले, पायाला मुंग्या आल्या होत्या, तसेच लंगडत गेले. डॉक्टरबाई तपासणीच्या खोलीत होत्या. काकांनी कपाट उघडले, ती डिस्क काढली, बाहेरच्या कुणाकडे न बघता जिन्याखाली परत आले आणि ती लॅपटॉपला लावली.

फोल्डर उघडला. त्यात एक फोल्डर. त्यात आणखी एक. त्यात काही नाही.

त्यांनी बंद करून पुन्हा उघडला. काही नाही. डिस्क दुसऱ्या बाजूला लावून पाहिली. वायर बदलली. काही नाही म्हणजे काहीच नाही.

मग त्यांना आठवले. अकरा महिन्यांपूर्वी ताई म्हणाल्या होत्या, काका, वर्षांप्रमाणे नको, आडनावांप्रमाणे लावून द्या. त्यांनी दुपारभर बसून सगळे नव्या जागी हलवले होते. नकला करणाऱ्या प्रोग्रामला ही नवी जागा सांगायची राहून गेली. त्या बिचाऱ्याला एवढेच शिकवलेले: तिथे जे असेल तेच इथे हवे, तिथे नसेल ते इथेही नको. त्या दिवशी तिथे काही उरले नव्हते, म्हणून त्याने इथलेही पुसले. मग अकरा महिने तो रोज इमानेइतबारे रिकाम्या जागेची रिकामी नक्कल करत होता आणि रोज कळवत होता, चुका शून्य.

आणि काकांनी या तीन वर्षांत एकदाही, गंमत म्हणूनही, त्या नकलेतून एखादी फाइल परत आणून पाहिली नव्हती. भरलेला आहे म्हणून रांजणावर झाकण ठेवले आणि कधी वाकून पाहिले नाही.

राहता राहिला ताईंचा संगणक, ज्याच्यावर स्कॅन झाले होते. तिकडे जायला काका उठलेसुद्धा, आणि अर्ध्यात थांबले. तो फार हळू चालतो अशी ताईंची तक्रार होती. उन्हाळ्यात त्यांनीच तो साफ करून दिला होता. अगदी स्वच्छ.

ते पुन्हा खाली बसले. त्यांनी मृत एक नंबरची डिस्क काढली, कानाशी धरून हलवली, लहान मूल खुळखुळा हलवते तशी. पुन्हा लावली. टिक, टिक, टिक, आणि गप्प. सहादा लावली. सातव्यांदा लावताना ताई आत आल्या आणि काकांचा चेहरा पाहून दारातच थबकल्या.

"काका? बरं वाटत नाहीये का?"

"ताई, डॉक्टरबाईंना बोलवा."

डॉक्टरबाई हातमोजे तसेच घालून आल्या. खोलीत तिघांना जागा नव्हती, म्हणून त्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या.

"काय झालं?"

"फाइली नाहीत."

"कुणाच्या?"

"कुणाच्याच." काकांनी ती छोटी डिस्क पुढे केली. "सगळ्या गेल्या. नक्कल पण रिकामी निघाली."

डॉक्टरबाई पडद्यावरच्या तांबड्या ओळीकडे वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "असं कसं होईल? दोन होत्या ना? तुम्ही म्हणाला होतात, दोन आहेत."

काकांनी तोंड उघडले. नेमके तेव्हाच ताई बोलल्या. त्यांना काकांची कणव आली होती. माणूस पांढराफटक पडला होता.

"दोन्ही एकदमच गेल्या असतील बाई. यंत्रच ते शेवटी. हो ना काका?"

काकांनी मान हलवली.

एवढेच. एक मान हलली. शब्द एकही नाही. पण त्या क्षणी त्यांना जे हलके वाटले, त्याची त्यांना पुढे फार दिवस लाज वाटत राहिली.

डॉक्टरबाईंनी हातमोजे काढले. "बाहेरच्यांना काय सांगायचं?" असे स्वतःशीच म्हणत त्या गेल्या. सातांपैकी पाच जण नव्या वाटीसाठी आले होते. त्यांना परत पाठवावे लागले. एक बाई तीन बस बदलून आल्या होत्या. त्या कुबड्या सावरून उठल्या आणि पायऱ्यांकडे गेल्या. काकांनी जिन्याखालून त्यांचे पायऱ्या उतरणे ऐकले. कुबडी, पाय. कुबडी, पाय. नऊ पायऱ्या होत्या.

दुपारी मिस्त्री चहा घेऊन आले. स्वतःच्या हाताने कप पुढे केला. "घ्या काका. तुमचा काय दोष? मशीन आहे, दगा देणारच. माणूससुद्धा देतो." आणि त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. सकाळी ड्रिल धरलेला तोच हात. काकांनी कप तसाच फळीवर ठेवला.

घरी पोचले तेव्हा बायको शिलाई मशीनवर बसली होती. शेजारपाजारच्यांचे कपडे ती शिवून देई. तिने वर न बघताच विचारले, "लवकर आलात?"

"हो."

"जेवणार आहात की नंतर?"

"अगं, मशीन थांबव जरा."

तिने थांबवले. काकांनी सगळे सांगितले. शून्य आणि एक, तीन भोके, रिकामी नक्कल, ताईंचा संगणक. सांगताना ते डिस्क, नंबर, खण असे बोलत राहिले आणि तिला त्यातले निम्मे कळले नाही. पण शेवटची मान हलवलेली तिला बरोबर कळली.

"म्हणजे त्यांना वाटतंय की यंत्रानं केलं."

"हो."

"आणि तुम्ही वाटू दिलंत."

काकांनी पिशवी खाली ठेवली.

"अगं, अकरा ठिकाणं आहेत माझी. हे कळलं की एकही राहणार नाही. या वयात मी कुठे जाऊ? परत टीव्ही उघडू? आता टीव्ही उघडतसुद्धा नाहीत, चिकटवलेले येतात." त्यांचा आवाज चिरकला. "तीस वर्षांत माझ्या हातून असं काही झालं नाही. तू तरी सांग, झालं का?"

"मला कशाला सांगताय?" ती म्हणाली. "मी काय लाकडी पाय लावून हिंडते? ज्यांचं गेलंय त्यांना सांगा."

तिचे बोलणे नेहमीच असे, सुईसारखे. टोचायचे आणि धागाही ओवायचे. ती उठली, त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि थोड्या वेळाने म्हणाली, "अकरा ठिकाणं गेली तर जातील. मी मशीन चालवतेच आहे की. पण उद्या कुणी त्या डब्याच्या कंपनीला बोल लावत बसलं आणि तुम्ही इथं बसून ऐकत राहिलात, तर मला तुमच्याकडे बघवणार नाही हो."

काका जेवले नाहीत. तिनेही आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी केंद्र उघडायच्या आधीच ते दारात उभे होते. ताईंनी कुलूप काढले. डॉक्टरबाई आल्या, हातात कागद होता. डबा बनवणाऱ्या कंपनीला पाठवायचे तक्रारीचे पत्र त्यांनी पहाटे उठून लिहिले होते. "वाचा जरा," त्या म्हणाल्या. "दोन्ही डिस्क एकाच वेळी जातात म्हणजे काय? यांना सोडायचं नाही."

काकांनी कागद घेतला, वाचला नाही, टेबलावर पालथा ठेवला.

"पत्र पाठवू नका बाई. डिस्क एकच गेली होती. दुसरी चांगली होती. मी चुकून चांगली काढली."

"मग ती परत लावा."

"तिला भोकं पाडली."

मिस्त्री नुकतेच आत येत होते. त्यांच्या हातात डबा होता, जेवणाचा. ते तिथेच थांबले.

"म्हणजे काल मी पाडली ती?" त्यांनी विचारले.

"हो."

"ती चांगली होती?"

"हो मिस्त्री. मीच दिली तुमच्या हातात."

मिस्त्रींनी डबा टेबलावर ठेवला. तो नीट ठेवला गेला नाही, कलंडला. त्यांनी तो सरळ केला. अडुसष्ट वर्षांचा माणूस. एकोणीस वर्षांचे त्यांचे टिपण त्या डिस्कवर होते, घरच्या सात वह्यांसकट. "मी विचारलं होतं तुम्हाला, दोन बास का म्हणून," एवढेच ते म्हणाले आणि मागे कारखान्यात निघून गेले. मग तिकडून दिवसभर ना करवतीचा आवाज आला ना ड्रिलचा.

ताई रडू लागल्या. चौदा महिने त्यांनी पाने उलटली होती. शिवाय काल त्यांनीच काकांना पळवाट दाखवली होती, त्याचे त्यांना आता काय वाटत होते कोण जाणे. डॉक्टरबाई मात्र रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. ओरडल्या असत्या तर बरे झाले असते.

"नक्कल रिकामी का होती?" त्यांनी विचारले.

काकांनी तेही सांगितले.

"कधी तपासली नव्हती?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही बाई."

डॉक्टरबाई खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात विसरा, आणि आम्ही विसरलो. पण तुम्ही कसे हो विसरलात?"

काकांनी खिशातून जिन्याखालच्या खोलीची किल्ली काढून पत्रावर ठेवली. डॉक्टरबाईंनी ती उचलून खणात टाकली. थांबा म्हणाल्या नाहीत.

मृत डिस्क डॉक्टरबाईंच्या परवानगीने, न फोडता, काकांनी दूरच्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत पाठवली. अशा डिस्क उघडून त्यातले जमेल तेवढे काढून देणारी माणसे तिथे होती. बावीस दिवस फोन वाजला की काका दचकत. त्या बावीस दिवसांत अकरांपैकी सहा कार्यालयांनी त्यांना कळवले की आम्ही दुसरी सोय बघतो. कुणी तोंडावर सांगितले, कुणी फोन उचलणेच बंद केले. गाव लहान नव्हते, पण बातमीला पाय असतात. उरलेल्या पाच ठिकाणी काका आपण होऊन गेले, आणि प्रत्येक ठिकाणी नकलेतून एकेक फाइल परत आणून दाखवली. चार ठिकाणी आली. एका ठिकाणी आली नाही. त्यांनी तिथल्या मालकाला खरे सांगितले, दुरुस्त केले, आणि ते काम गमावले.

तेविसाव्या दिवशी डिस्क परत आली. साडेनऊशे फोटो निघाले होते. नुसते फोटो. नावे गेली, मापे गेली, टिपणे गेली. ओळीने आकडे घातलेले, गुडघ्याखालच्या आणि गुडघ्यावरच्या उरलेल्या पायांचे फोटो. चेहरा एकातही नाही, कारण चेहऱ्याचा फोटो घ्यायचा नाही असा डॉक्टरबाईंचा दंडक होता.

"याचं काय करू मी?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

काका म्हणाले, "मिस्त्रींना दाखवू का?"

मिस्त्री तीन आठवडे त्यांच्याशी बोलले नव्हते. आताही ते आले आणि काकांकडे न बघता स्टुलावर बसले. काकांनी पहिला फोटो लावला. मिस्त्रींनी चष्मा पुसला, पुढे वाकले.

"बेकरीवाल्याची आई," ते ताईंना म्हणाले. "डावा. शिवण अशी तिरकी गेलीय बघा, हिला बाहेरच्या बाजूला आग व्हायची. लिहा."

ताईंनी लिहिले. काकांनी पुढचा लावला.

"हा ट्रकवरचा. उंच. याची वाटी मी तीनदा फोडली, तेव्हा बसली."

असे चार दिवस चालले. मिस्त्री पायावरून माणूस ओळखत होते, माणसावरून दुखणे. कधी एकदम, कधी डोळे मिटून. पण मधेच एखादा फोटो असा येई की ते नुसते बघत राहत. काका थांबून राहत. मग मिस्त्री मान हलवत. "नाही येत." आणि थोड्या वेळाने, कुणाला उद्देशून नव्हे असे, "ज्याला मी उभं केलं, तोच मला आठवू नये?" तिसऱ्या दिवशी असे ओळीने नऊ फोटो गेले, तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर आदळला.

"लावा पुढचा," ते काकांना म्हणाले. तीन आठवड्यांत त्यांना उद्देशून काढलेले ते पहिले शब्द होते.

साडेनऊशेपैकी सहाशे बारा जुळले. बाकीच्यांना, आणि ज्यांचा फोटोही उरला नाही त्या तीन हजारांवर माणसांना पुन्हा बोलवावे लागणार होते. भेटीच्या वेळा ताई वह्यांतच लिहीत आल्या होत्या, त्यांत फोन नंबर होते. त्या रोज तीस-चाळीस फोन करू लागल्या. काही नंबर बदलले होते. काहींच्या घरच्यांनी सांगितले की ते आता नाहीत.

नवा सर्व्हर बसवायला एक कंपनी आली. त्यांच्या इंजिनिअर बाई नीटस, कमी बोलणाऱ्या होत्या. काकांनी त्यांना सगळे पासवर्ड कागदावर लिहून दिले, खाली एक ओळ जोडली: दर महिन्याला एक फाइल परत आणून बघावी. बाईंनी ती वाचली. "ते आम्ही करतोच," त्या म्हणाल्या. "हो," काका म्हणाले. "मीही तसंच समजत होतो."

मग ते डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले.

"शनिवारी मापं घ्यायला सुरुवात आहे म्हणे."

"हो."

"मी येऊ का? दर शनिवारी."

"तुम्हाला येतं माप घ्यायला?"

"नाही. टेपचं टोक धरता येतं." काका थांबले. "आणि लोक विचारतील की पुन्हा कशाला. ते ताईंनी का सांगायचं? ते मी सांगतो."

डॉक्टरबाई नाही म्हणाल्या नाहीत.

पहिल्या शनिवारी पहिले आले ते एक निवृत्त शाळामास्तर. पाच तासांचा प्रवास करून आले होते, शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. बसल्या बसल्याच त्यांनी काठी आपटली.

"चार वर्षांपूर्वी दोन दिवस राहून मापं दिली होती मी. सगळं लिहून घेतलं होतंत. ते काय झालं?"

ताईंनी पेन खाली ठेवले. मिस्त्री टेप उलगडत होते, ते थांबले.

"दिली होतीत," काका म्हणाले. "आम्ही नीट ठेवली पण होती. ती माझ्या हातून गेली. यंत्र बिघडलं नव्हतं, चूक माझी होती."

"तुम्ही कोण?"

"संगणकाचं काम बघायचो इथलं."

मास्तरांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिले, एखाद्या गृहपाठ न केलेल्या मुलाला पाहावे तसे.

"परत त्या सगळ्या जखमा होणार म्हणजे," मास्तर म्हणाले.

"होतील," मिस्त्री म्हणाले. "जेवढ्या कमी करता येतील तेवढ्या करतो."

मास्तरांनी पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली, वाकून एकेक पट्टा सोडवला आणि पाय काढला. तो कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे बघितले. बाकड्यावर जागा नव्हती, फरशी नुकतीच पुसलेली, ओली होती. मग त्यांनी तो काकांच्या पुढे केला.

"धरा," ते म्हणाले.

काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला. त्यांना वाटला होता त्यापेक्षा तो जड होता. मिस्त्री खाली बसले, टेप लावली, आकडा मोठ्याने सांगितला, आणि ताईंनी तो वहीत लिहिला. काका पाय धरून उभे राहिले. वाटी आतून अजून कोमट होती.